मंजुळेची डावी भिवई

बटणांच्या डब्यात, तुटक्या चेनी आणि सुट्या हुकांच्या सोबतीला पडून असलेला मी एक जुना टाक आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी टाक पाहिलाही नसेल. लाकडाची वीतभर दांडी आणि तिच्या टोकाला खोचलेली पोलादी निब, एवढेच माझे शरीर. तुमच्या पेनासारखी माझ्या पोटात शाई राहत नाही. दोन-चार शब्द झाले की मला पुन्हा दौतीत बुडवावे लागते. माझे काम सावकाशीचे. घाईच्या माणसाला मी कधीच आवडलो नाही.

बीडच्या बशीरगंजात एक खरादी पलंगाचे खूर तासून गुळगुळीत करीत असे. एकदा शिसवीचा एक तुकडा उरला. त्याने त्याची दांडी केली आणि शेजारच्या युसूफमियाँना दिली. युसूफमियाँ कातिब होते. कातिब म्हणजे सुंदर अक्षरांत उर्दू लिहून देणारा. त्या काळी उर्दू मजकूर कातिब हाताने लिहायचा आणि त्याने लिहिलेले पान जसेच्या तसे छापले जायचे. बीडमधले एक साप्ताहिक, निकाहाच्या पत्रिका, दुकानांच्या जाहिराती, सगळे माझ्या निबेखालून गेले. पत्रिकेच्या चारी कडांनी युसूफमियाँ वेलबुट्टी काढत. एका पानासारखे दुसरे पान नसे. लोक पत्रिका हातात घेऊन म्हणत, "काय सुरेख छपाई आहे!" छपाई सुरेख असे. लिहिणाऱ्याचे नाव त्या कागदावर कुठेही नसे.

वीस वर्षे असे चालले. मग कॉम्प्युटर आले. नव्वद सालानंतर चार-पाच वर्षांतच उर्दू अक्षरेही त्यात शिरली. साप्ताहिकाचे मालक स्वतः घरी आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "युसूफमियाँ, आता पान औरंगाबादेहून तयार होऊन येणार. तुम्ही थकलात. आराम करा." युसूफमियाँ तेव्हा शेहेचाळीस वर्षांचे होते. पुढच्या आठवड्यापासून ते बसस्टँडजवळ केळ्यांचा गाडा लावू लागले. दौतीतली शाई वाळली आणि मी कोनाड्यात धूळ खात पडलो.

तिथून मला उचलले ते त्यांच्या मुलीने. तिचे नाव खुशनुमा. दहावीनंतर तिची शाळा सुटली होती. ती कपडे शिवायची आणि नवऱ्या मुलींच्या हातांवर मेंदी काढायची. एकदा तिने आपल्या मरून गेलेल्या आजीचा छोटासा फोटो समोर ठेवला. त्यावर चौकोन आखलेला पारदर्शक कागद पसरला. मोठ्या कागदावर तितकेच पण मोठे चौकोन आखले आणि इकडच्या चौकोनात जे होते ते तिकडच्या चौकोनात उतरवले. चेहऱ्याची रेघ आली तेव्हा तिने पेन्सिल ठेवली आणि मला शाईत बुडवले.

पुढचे काम मी पूर्वी कधी केले नव्हते. रंग नाही, सावली नाही, नुसती नक्षी. फोटोत जिथे अंधार तिथे नक्षी दाट, जिथे उजेड तिथे विरळ. नक्षीही मनाची नाही. आजीच्या पानाच्या डब्यावर जी जाळी होती, ती तिच्या पदरावर आली. तिच्या लुगड्याच्या काठावरची कुयरी केसांत आली. जवळून पाहिले तर कागदावर पाने, ठिपके, जाळ्या. चार पावले मागे सरकले की त्यांतून म्हातारी वर यायची.

युसूफमियाँ गाडा लावून घरी आले आणि ते चित्र बघत उभे राहिले. "कोणत्या उस्तादानं शिकवलं तुला हे?" त्यांनी विचारले.

"तुमच्या पत्रिकांच्या कडांनी, अब्बा," ती म्हणाली.

त्याच दिवशी त्यांनी माझ्यासाठी नवी निब आणली.

गल्लीच्या तोंडाशी मन्मथप्पांचा फोटो स्टुडिओ होता. मन्मथप्पा कपाळाला भस्म लावणारे, गळ्यात लिंग असलेले, गोड बोलणारे दुकानदार. ज्यांचा फोटो इतका जुना किंवा इतका बारीक असे की मोठा करता येत नसे, अशा गिऱ्हाइकांना ते खुशनुमाकडे पाठवू लागले. दोन वर्षांत आम्ही तीसेक माणसे काढली. बहुतेक सगळी गेलेली. जिवंत माणूस स्टुडिओत जाऊन बसू शकतो.

अठ्ठ्याण्णव सालच्या श्रावणात दगडाबाई आली. शिरूर कासारच्या पुढे एका वाडीत तिचे घर होते. दसरा झाला की ती आणि तिचा नवरा सटवा ऊस तोडायला जात, तिथे कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत राहत आणि चैत्रात परत येत. तिने कमरेच्या पिशवीतून एक फोटो काढला. वाडीच्या शाळेत पंधरा ऑगस्टला काढलेला, चाळीस पोरांचा. दुसऱ्या रांगेत, कडेला, बोराच्या बीएवढा एक चेहरा होता. पत्र्याच्या पेटीत ओल लागून त्याचीही डावी बाजू निघून गेली होती. तिथे नुसता पांढरा कागद उरला होता.

"ही मंजुळा. माझी लेक," ती म्हणाली. "मागल्या हंगामात गेली. अप्पा म्हणत्यात, फोटू मोठा हुत न्हाई. तुमी काढून देता म्हणं."

"कशानं गेली, मावशी?"

"भरल्या गाडीच्या सावलीला निजलती. बैल बुजाडले." एवढे सांगून ती फोटोकडे बघत बसली.

खुशनुमाने तिला पाणी दिले. मग नेहमीप्रमाणे विचारायला सुरुवात केली. मुलीला काय आवडायचे, ती कशाशी खेळायची.

"आवडायला काय, आठ वर्साची पोर. चिंचंचा पाला खायची. फुटक्या बांगड्या येचून आणायची अन् कोपीम्होरं मातीत खोचून घर करायची."

"मग चिंचेची पानं काढते. बांगड्यांचे तुकडे काढते. केसांत उसाची पानं काढू? लांब असतात, शोभतील."

दगडाबाईचा चेहरा बदलला. "ऊस नगं," ती म्हणाली. "काय बी काढा. ऊस नगं."

"बरं. आणि ही डावी बाजू? ती फोटोत नाहीच."

"उजवीसारखीच आसंल की."

"नसते, मावशी. कुणाच्याच दोन बाजू सारख्या नसतात. आठवून सांगा."

दगडाबाईने डोळे मिटले. तिने हात पुढे केला आणि समोर जणू मुलगी बसली आहे अशी हवेत बोटे फिरवली. गालावरून, कानावरून, वर. मग तिचे बोट थांबले. "भिवई," ती म्हणाली. "डावी भिवई मधीच तुटल्याली व्हती. रांगत व्हती तवा उखळावर पडलती. तिथं केस आलेच न्हाईत पुन्हा."

मित्रांनो, मी अकरा दिवस त्या कागदावर चाललो. भिवया चिंचेच्या पानांच्या केल्या. उजवी अखंड. डावीत मधोमध दोन पानांची जागा खुशनुमाने कोरी सोडली. ती जागा सोडताना तिने श्वास रोखला होता, ते मला तिच्या बोटांतून कळले. केस म्हणजे बांगड्यांच्या तुकड्यांच्या कमानी, एकीत एक अडकलेल्या. गालांवर अगदी विरळ ठिपके. काम झाल्यावर तिने खालच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत आपले नाव लिहिले. शाळेचा तो फोटो एका पाकिटात घालून चित्राच्या मागे, त्याच कोपऱ्यात चिकटवला, म्हणजे दोन्ही एकत्र राहतील.

बाजारच्या दिवशी दगडाबाई बाजरीचे गाठोडे घेऊन आली. चित्रावर वाकली. "ही तर नुसती नक्षी हाय," ती म्हणाली. तिचा आवाज पडला होता.

"बाई, दारापतुर मागं सरका," युसूफमियाँ म्हणाले. "मग बघा."

ती मागे सरकली. दारापाशी तिची पाठ टेकली आणि ती तशीच राहिली. खुशनुमा काही विचारायला घाबरत होती.

"भिवई दिसायलीय," शेवटी दगडाबाई म्हणाली. "माझ्याकडंच बघायलीय."

जाताना तिने चित्र नेले नाही. "आमी दसऱ्यानंतर जाणार. घर गळतंय, कोपीत धूर. तिथं कागुद टिकायचा न्हाई. आमी येईस्तोवर तुमच्यापाशी राहू द्या. पर फडक्यात बांधून ठिवा. कुणाला दावू नगा."

"कावून, मावशी?" खुशनुमाने तिच्याच बोलीत विचारले.

"लोकं बघत्यात अन् म्हणत्यात, काय छान हाय. माझी पोर मेली म्हणून ते हितं आलंय. मला ते छान ऐकवत न्हाई."

खुशनुमाने तिच्यासमोर चित्र स्वच्छ पांढऱ्या फडक्यात बांधले आणि म्हणाली, "नाही दाखवणार कुणाला."

महिनाभर तिने शब्द पाळला. मग चित्र अजून घरातच असल्याचे मन्मथप्पांच्या कानावर गेले. ते आले, त्यांनी चित्र बघायला मागितले, बघितले आणि कपाळाला हात लावला. "पोरी, असलं काम फडक्यात कुजवायलीस? माझ्या दुकानाच्या काचंत आठ दिस लाव. खाली तुझं नाव दिसंल. जिल्ह्यात तुझं नाव कुणाला ठाव हाय?"

खुशनुमा नाही म्हणाली. ते पुन्हा आले. ती पुन्हा नाही म्हणाली. तिसऱ्या वेळी ती गप्प राहिली. तिच्या वडिलांनी वीस वर्षे लिहिले आणि त्यांचे नाव एकाही कागदावर आले नाही. आता ते केळी विकत होते आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांना ते केळेवालेच वाटत होते. एक तरी नाव दिसावे, असे तिला वाटले. वाडीतली बाई आता कारखान्याच्या फडात आहे, तिला कसे कळणार, असेही वाटले. तिने गाठ सोडली.

खोटे कशाला सांगू? मलाही ते हवे होते. इतकी वर्षे लोकांनी छपाईची तारीफ केली होती. एकदा कोणीतरी माझी करावी, असे मलाही वाटत होते.

ती झाली. येणारे-जाणारे काचेसमोर थांबू लागले. जवळ जात, मागे सरकत, पुन्हा जवळ जात. "काय छान हाय," म्हणत. खुशनुमा ओढणीने तोंड झाकून समोरच्या फुटपाथवरून ऐकून आली आणि दिवसभर हसत होती. आठ दिवसांचे वीस दिवस झाले. चित्र परत आणायचे तिच्या जिवावर येत होते.

तेवढ्यात मन्मथप्पांचा मुलगा योगीराज औरंगाबादेहून कॉम्प्युटर शिकून आला. स्टुडिओची पाटी बदलली, आत रंगीत छपाईचे यंत्र आले, फोटो ओढून घेणारा स्कॅनर आला. एके दिवशी काच रिकामी दिसली. खुशनुमाने विचारले तेव्हा मन्मथप्पा म्हणाले, "ऊन लागायलंय म्हणून आत ठिवलंय." तिने पुन्हा विचारले नाही. ज्याने स्वतःच गाठ सोडलेली असते, त्याला मोठ्याने विचारता येत नाही.

पुढचे आम्हाला चैत्रात कळले. दगडाबाई आली ती तडक आमच्या घरी. तिच्या हातात गुंडाळलेली एक दिनदर्शिका होती. ती तिने जमिनीवर उलगडली.

गहिनीनाथ नावाचा मोठा मुकादम होता. ऊसतोडीच्या टोळ्या त्याच्यामार्फत कारखान्याला जात. त्याने नव्या वर्षाला आपल्या सगळ्या टोळ्यांना वाटायला ही दिनदर्शिका छापून घेतली होती. मधोमध मंजुळा होती. तिच्या चेहऱ्याभोवती हिरवागार ऊस काढला होता. काही पाने तर तिच्या केसांतून बाहेर आलेली. खाली लिहिले होते, 'गोड कष्ट, गोड फळ'. त्याखाली योगीराजच्या स्टुडिओचे नाव. खुशनुमाचे नाव नव्हते.

"ह्याच मुकादमाच्या टोळीत आसताना गेली ती," दगडाबाई म्हणाली. "त्याला ठाव न्हाई ही कोण हाय. समद्या कोप्यांवर लावलं व्हतं बायकांनी. चार महिने मी जिथं जाईन तिथं हीच. मी कुणाला सांगितलं न्हाई माझी हाय म्हणून." मग तिने डाव्या भिवईवर बोट ठेवले. "अन् ही भरली."

आम्ही वाकून पाहिले. दोन पानांची कोरी जागा भरलेली होती. दोन्ही भिवया सारख्या झाल्या होत्या.

"तुमच्याकून चोरून नेलं का कुणी?" दगडाबाईने विचारले.

मित्रांनो, तिने स्वतःहून वाट करून दिली होती. खुशनुमा एक हो म्हणाली असती तर सुटली असती. मी तिला खूप वर्षे ओळखतो. त्या क्षणी ती जशी होती, तशी मी तिला पुन्हा कधी पाहिले नाही.

"नाही, मावशी," ती म्हणाली. "मीच दिलं. काचेत लावायला."

दगडाबाईने शिवी दिली नाही, ती रडली नाही. "माझं मला द्या," एवढेच म्हणाली.

सगळे स्टुडिओत गेले. मला खुशनुमाने हातात धरलेले होते, का ते तिलाही ठाऊक नसावे. योगीराज चांगल्या मनाने बोलला. त्यामुळे जास्त वाईट वाटले. "मावशी, चित्र कुठं गेलं नाही, कॉम्प्युटरमध्ये आहे. पाहिजे तर आत्ता दहा काढून देतो, रंगीत. भिवईत डाग राहिला होता, तो पण मी दुरुस्त केला."

"धा मंजुळा घेऊन मी काय करू?" दगडाबाई म्हणाली. "जी हातानं काढल्याली, ती द्या."

तेव्हा त्याने सांगितले. स्कॅनरची काच लहान होती. चित्र मोठे. त्यात मावेना, म्हणून त्याने पट्टी लावून त्याचे चार सारखे तुकडे केले होते. तुकडे एकेक करून आत घातले आणि कॉम्प्युटरवर जोडले. "जोड दिसतो का सांगा," तो दिनदर्शिकेवर हात फिरवीत म्हणाला. खरेच दिसत नव्हता.

मन्मथप्पांनी कपाटे उघडली. जुन्या रिळांखाली तीन तुकडे सापडले. चौथा सापडला नाही. रद्दीत गेला असावा. तो खालचा, कोपऱ्याचा तुकडा होता. त्यावर मंजुळेची अर्धी हनुवटी होती, खुशनुमाचे नाव होते आणि मागे पाकिटात शाळेचा तो फोटो होता.

"पोरानं केलं. मला काय ठाव," मन्मथप्पा म्हणाले. आणि भस्माच्या कपाळावरचा घाम पुसत त्यांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला आत बोलावले.

घरी येऊन खुशनुमाने तीन तुकडे जमिनीवर जोडून मांडले. पट्टी बरोबर भिवयांच्या मधून गेली होती. खाली एक चौकोन रिकामा होता. तिने तेवढाच कोरा कागद कापून तिथे ठेवला, दौत उघडली आणि मला शाईत बुडवले. "मावशी, हनुवटी मला आठवते. मी काढून देते. जशी होती तशीच."

माझ्या टोकाला शाईचा थेंब आला होता. मी कागदाच्या वर होतो.

"ठिवा ते खाली," दगडाबाई म्हणाली. "तुमी लई जीव लावून काढलं. ते मला ठाव हाय. पर आता कुणी हात लावू नगा."

थेंब कोऱ्या कागदावर पडला. दगडाबाईने तीन तुकडे एकावर एक ठेवले, पदरात घेतले आणि ती शिरूरच्या गाडीसाठी निघाली. युसूफमियाँ तिला बसस्टँडपर्यंत सोडायला गेले. जमिनीवर दिनदर्शिका तशीच पडून होती. ती कोणी उचलत नव्हते आणि तिच्याकडे कोणी बघतही नव्हते.

दोन वर्षांनी योगीराज एकदा आला. त्याच्याकडे नवे काहीतरी आले होते. एक बटण दाबले की फोटोची नक्षी होते, असे म्हणाला. कागदावर एक बाई छापून आणली होती. तिच्या गालांवर, केसांत, साडीत एकच वेल होती, मोजून घेतल्यासारखी. "यात तुझ्यासारखा हात हवा," तो म्हणाला. "या वेळी तुझं नाव टाकतो."

खुशनुमाने कागद परत दिला. "ही वेल त्या बाईच्या घरची आहे का?" तिने विचारले. त्याला प्रश्न कळला नाही. तिने समजावून सांगितला नाही. नावाचे तर ती बोललीच नाही.

पुढे तिचे लग्न झाले आणि ती तेलगावला आली. शिलाई मशीन आले, बटणांचा डबा आला, डब्यात मी आलो. ती ब्लाउज शिवते, मुलींना मेंदी काढून देते. कुणाचा चेहरा मात्र तिने त्यानंतर काढला नाही. दगडाबाई पुन्हा कधी भेटली नाही. तिने त्या तीन तुकड्यांचे काय केले, आम्हाला माहीत नाही. विचारायचा हक्क आम्ही घालवला आहे.

मित्रांनो, वस्तू जपाव्यात, असे तुम्हाला सगळेच सांगतात. माझ्यासारख्या टाकाने तर तेच सांगायला हवे. पण मला कोणी जपले नाही, हे माझे दुःख नाही. दुसऱ्याचे दुःख आपल्या हातून सुंदर झाले, म्हणून ते आपले होत नाही, हे मला फार उशिरा कळले. तुमच्या हाती कोणी काही विश्वासाने ठेवले, तर आधी त्या माणसाचे म्हणणे जपा. वस्तूचे नंतर पाहता येते.

माझी निब आता पुरती गंजली आहे. तेलगावच्या बाजारात अजून एका दुकानात निबा मिळतात. खुशनुमाला ते दुकान ठाऊक आहे. सुया आणि दोरा ती तिथूनच आणते. तिने अजून निब आणली नाही, आणि तिने ती आणू नये, असेच मला वाटते.